मोडलेला रथ: दुरुस्त करावा की सोडून द्यावा?

४ सप्टेंबर २०२२. ज्येष्ठा गौरींच्या पूजनाचा दिवस. बेंगळुरूतल्या मराठी घरांमध्ये पुरणपोळीचा नैवेद्य झाला होता आणि दुसऱ्या दिवशी गौरींना निरोप द्यायचा होता. त्या रात्री पाऊस कोसळला. पाच तारखेच्या सकाळपर्यंत शहरात सुमारे १३० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. बेळ्ळंदूर आणि वर्तूर या तळ्यांच्या परिसरात, सर्जापूर रस्त्यावर, येमलूरमध्ये आणि आउटर रिंग रोडवर पाणी साचले. पावसाचे पाणी एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात नेणारे जे नाले आहेत, त्यांना कन्नडमध्ये राजकालुवे म्हणतात. हे राजकालुवे अनेक ठिकाणी अरुंद झालेले किंवा बुजलेले होते. पाणी आपल्या जुन्या वाटेनेच गेले. त्या वाटेवर आता घरे होती आणि घरांखाली वाहनतळ होते. लोक ट्रॅक्टरवर बसून कार्यालयात गेले. तळघरांतल्या गाड्या मात्र जागच्या जागी बुडाल्या.

पाणी ओसरल्यावर अनेक कुटुंबांपुढे एक प्रश्न आला. तो वरवर पाहता पूर्ण व्यावहारिक होता: विमा कंपनी म्हणते ‘टोटल लॉस’; आता ही गाडी दुरुस्त करून ठेवायची की सोडून द्यायची? मुंबईकरांनी हा प्रश्न २६ जुलै २००५ नंतर अनुभवला आहे, सांगली-कोल्हापूरकरांनी ऑगस्ट २०१९ मध्ये, पुण्यात आंबील ओढ्याकाठच्या लोकांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणि चिपळूणकरांनी जुलै २०२१ मध्ये. अपघातात गाडीचा चुराडा झाल्यावरही तोच प्रश्न येतो.

असे प्रश्न स्वाध्यायाच्या बाहेरचे आहेत असे पुष्कळ साधकांना वाटते. गाडीचे गॅरेजवाला बघेल, गीतेचे आपण बघू, असा काहीसा भाव असतो. पण आसक्ती, भय, लोभ आणि शोक हे चौघे एकाच वेळी आपल्या दारात येऊन बसतात, असे प्रसंग गृहस्थाच्या आयुष्यात फार नसतात. हा त्यातला एक आहे. म्हणून या पाठात आपण आधी व्यवहार नीट समजून घेऊ. व्यवहार न समजता केलेला विवेक पुष्कळदा आळसच असतो.

‘टोटल लॉस’ म्हणजे काय

आपल्या विमा पत्रकावर ‘आयडीव्ही’ नावाची एक रक्कम छापलेली असते. गाडीच्या प्रचलित किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा करून ती ठरते. सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीला ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. त्यापुढे कंपनी आणि मालक यांच्या संमतीने. दुरुस्तीचा एकूण खर्च या आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर ती गाडी विम्याच्या भाषेत ‘टोटल लॉस’ धरली जाते.

एक उदाहरण घेऊ. साडेतीन वर्षांची गाडी, नव्याची किंमत दहा लाख. ४० टक्के घसारा जाऊन आयडीव्ही सहा लाख. ७५ टक्के म्हणजे साडेचार लाख. अधिकृत सर्व्हिस सेंटरने पाच लाखांचे अंदाजपत्रक दिले की गाडी ‘टोटल लॉस’ झाली. त्याच गाडीला चार लाख लागले असते तर ती ‘दुरुस्तीयोग्य’ ठरली असती. गाडीत फरक काहीच नाही. रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे एवढाच भेद. २०२२ च्या त्या पुरानंतर बेंगळुरूतल्याच एका गाडीचे प्रकरण समाजमाध्यमांवर गाजले होते. सुमारे ११ लाखांच्या गाडीला २२ लाखांच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक मिळाले! अंदाजपत्रकाची कागदपत्रे देण्यासाठीच चाळीस हजारांहून अधिक रक्कम मागितली गेली. मालकाने वाहन कंपनीकडे तक्रार केल्यावर ती पाच हजारांवर आली.

तेव्हा ‘टोटल लॉस’ हा शब्द ऐकून हृदयात जे धस्स होते, त्याला पहिले उत्तर हे की हा गाडीच्या मृत्यूचा दाखला नाही. ते एक गणित आहे.

या गणितात मालकापुढे साधारणपणे दोन वाटा असतात. पहिली, गाडी आणि तिची कागदपत्रे कंपनीकडे सुपूर्द करून आयडीव्हीची रक्कम घेणे. त्यातून सक्तीची वजावट जाते, ती १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला हजार आणि त्यावरील मोटारीला दोन हजार रुपये असते. दुसरी, मोडकी गाडी स्वतःकडे ठेवणे. मग तिची भंगार म्हणून जी किंमत येईल, ती आयडीव्हीतून वजा होते. वरच्या उदाहरणात भंगाराची बोली दीड लाख आली, तर मालकाला साडेचार लाख आणि गाडी मिळते. एखादा ओळखीचा मेकॅनिक ‘साडेतीन लाखांत करून देतो’ म्हणाला की मनात लगेच हिशेब सुरू होतो: गाडीही राहिली आणि वर लाख रुपये सुटले!

या हिशेबात काय काय धरलेले नाही, ते पुढे येईलच. इथे तीन गोष्टी मात्र विसरू नयेत. गाडी कर्जावर असेल तर कंपनीचे पैसे आधी बँकेकडे जातात. आपल्या हाती उरेल ते उरेल. दुसरे, पूर्ण रक्कम देताना कंपनी आरसी रद्द करून मागू शकते आणि आरसी एकदा रद्द झाली की कितीही उत्तम दुरुस्ती केली तरी ती गाडी रस्त्यावर येत नाही. म्हणून ठेवायची इच्छा असेल तर सही करण्याआधीच लेखी विचारावे. आणि तिसरे, जुन्या गाड्यांवर बहुधा फक्त ‘थर्ड पार्टी’ विमा असतो. तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे काही देत नाही. तिथे सगळा निर्णय आणि सगळा खर्च आपलाच.

‘माझी गाडी’ नेमकी कुठे असते?

बौद्ध परंपरेतल्या मिलिंदपञ्ह या ग्रंथात एक प्रसिद्ध संवाद आहे. छत्रपती संभाजीनगरच्या मिलिंद महाविद्यालयाला डॉ. आंबेडकरांनी ज्या राजाचे नाव दिले, तोच हा ग्रीक राजा मिलिंद. भिक्षू नागसेन त्याला विचारतात, महाराज, तुम्ही पायी आलात की वाहनाने? रथाने आलो, असे राजा सांगतो. मग नागसेन एकेक विचारत जातात. आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? दांडी, जू, लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग हे सगळे वेगळे काढून ठेवले तर उरते त्याला रथ म्हणायचे का? तेही नाही. शेवटी राजाच कबूल करतो की हे भाग विशिष्ट रीतीने एकत्र आले असता ‘रथ’ हे नाव चालते, एवढेच.

गॅरेजमध्ये उभे राहून हा संवाद आठवून पाहावा. सर्व्हेअरच्या यादीत तारांचा संच, इंजिनाचा संगणक, गिअरपेटी, आसने, एअरबॅगचे नियंत्रक असे सगळे बदलायला सांगितलेले असते. एवढे बदलल्यावर उरते काय? पत्रा आणि चॅसिस क्रमांक. मग ‘माझी गाडी वाचवतो’ म्हणताना आपण नेमके काय वाचवत असतो?

बहुतेक वेळा आठवण वाचवत असतो. आणि आठवण क्षुल्लक नसते. ज्या गाडीतून मुलगी पहिल्यांदा प्रसूतिगृहातून घरी आली, जिच्यात बसून वडील शेवटचे पंढरपूरला गेले, ती गाडी भंगारवाल्याच्या ट्रकवर चढताना पाहून डोळ्यांत पाणी येणे हा साधनेतला दोष मुळीच नाही. दसऱ्याला जिला झेंडूची माळ घातली तिच्याबद्दल ओलावा नसेल, तर ती पूजा तरी कसली? बेंगळुरूत त्या वर्षी ४ ऑक्टोबरला आयुधपूजा होती. या दिवशी तिथे गाड्या धुऊन, चाकांखाली लिंबे ठेवून, रस्त्यावर कोहळा फोडून पूजा करतात. पुराला तेव्हा जेमतेम महिना झाला होता.

पण आठवण पत्र्यात नसते, हे नागसेनांच्या प्रश्नावलीतून कळते. आसन बदलले म्हणून वडिलांची वारी पुसली जात नाही आणि आसन ठेवले म्हणून ती टिकतही नाही.

इथे एक सावधानता. कठोपनिषदाने शरीराला रथ म्हटले आहे. आत्मा रथी, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे. म्हणून कोणी गाडीचे हे गणित माणसाच्या शरीराला, आजारपणाला किंवा म्हातारपणाला लावू नये. माणसाला आयडीव्ही नसते. सत्संगात असे दृष्टांत कधी कधी फार मोकळेपणाने दिले जातात आणि ऐकणाऱ्यांत एखाद्याचे माणूस त्या वेळी अतिदक्षता विभागात असते.

त्यागाचे तीन प्रकार

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. नेमून दिलेले कर्तव्य मोहामुळे सोडणे हा तामस त्याग. ते कष्टाचे आहे, शरीराला त्रास होईल, या भीतीने सोडणे हा राजस. आणि कर्तव्य आहे म्हणून करणे, पण आसक्ती आणि फळ सोडून करणे, हा सात्त्विक. बारकाईने पाहा: या व्याख्यांत वस्तू सोडली की ठेवली, याचा उल्लेखच नाही. म्हणजे गाडी सोडून देणे हा आपोआप त्याग ठरत नाही, आणि दुरुस्त करणे ही आपोआप आसक्ती ठरत नाही. आपल्याकडे ‘सोडले’ या शब्दाला फार लवकर नमस्कार केला जातो.

गाडी सोडणाऱ्यांतही तामस प्रकार असतो. पाणी गालिच्यापर्यंतच आले होते, इंजिन कोरडे होते, गाडी धड होऊ शकत होती. पण घरात आधीपासूनच नव्या मॉडेलची चर्चा चालू होती. मग पूर हे निमित्त मिळते. ‘देवाचीच इच्छा दिसते’ असे म्हणून नव्या गाडीचे सात वर्षांचे हप्ते डोक्यावर घेतले जातात. हा मोह आहे. त्याला देवाचे नाव देऊ नये. राजस प्रकार याहून अधिक आढळतो. सर्व्हेअरच्या मागे लागायचे, दोन गॅरेजांची अंदाजपत्रके घ्यायची, कंपनीला पत्रे लिहायची, या सगळ्याचा कंटाळा येतो. कंपनी आयडीव्हीपेक्षा कमी रक्कम पुढे करते आणि ‘जाऊ दे, पैशाच्या मागे किती लागायचे’ असे वैराग्याच्या सुरात म्हणून सही केली जाते. वास्तविक टोटल लॉससाठी पत्रकावरची आयडीव्हीच विम्याच्या मुदतभर गाडीचे मूल्य धरायची असते, मध्येच तिच्यातून आणखी घसारा कापता येत नाही. आपले रास्त ते शांतपणे मागणे यात अध्यात्माला बाधा नाही. कंपनीने तक्रार नाकारली किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही. बेंगळुरू, पुणे आणि मुंबई येथे त्याची कार्यालये आहेत.

गाडी धरून ठेवणाऱ्यांतही हेच भेद. त्याच अध्यायात तामस धृतीचे वर्णन आहे: जिच्यामुळे माणूस भय, शोक, विषाद आणि मद सोडत नाही ती. धैर्य आणि हट्ट यांतला फरक इतक्या थोडक्यात दुसरीकडे क्वचितच सांगितलेला असेल. गॅरेजमध्ये आठ महिने पडून असलेली गाडी, दर महिन्याला ‘आणखी एक भाग निघाला’ म्हणून जाणारे वीस हजार, आणि तरी ‘आता इतके घातलेत तर पूर्णच करू’ हा विचार. जे गेले ते गेले. पुढचे वीस हजार घालावेत का, याचा निर्णय मागच्या दोन लाखांकडे न पाहता घ्यायचा असतो. फळाची आसक्ती म्हणतात ती अशीही असते: घातलेले परत मिळालेच पाहिजे.

मग सात्त्विक निर्णय कसा ओळखावा? मला वाटते, त्याची एक साधी कसोटी आहे. निर्णय नेमका उलटा झाला असता तरी आपली झोप गेली नसती, इतके मन मोकळे झाले आहे का? झाले असेल तर निर्णय घ्यावा. झाले नसेल तर चार दिवस थांबावे. सहीसाठी इतरांची घाई असते, आपल्याला नसते.

दुरुस्ती केव्हा रास्त

दुरुस्तीचे महत्त्व आपल्या परंपरेला ठाऊक आहे. जीर्णोद्धार हा आपल्याकडे पुण्याचा विषय आहे. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीवर आणि कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर पुरातत्त्व खात्याकडून संवर्धनाचे काम झाले आहे. मूर्ती झिजली म्हणून कोणी ती बदलली नाही. पण घरच्या देव्हाऱ्यातली मूर्ती भंगली तर आपण तिचे विसर्जन करतो, तेही शास्त्राला धरूनच. जपणे आणि सोडणे, दोन्हींचे विधी आहेत. कोणता कुठे, हे वस्तूची अवस्था आणि तिचे प्रयोजन पाहून ठरते.

म्हणून आधी अवस्था पाहावी. पाणी फक्त पायाखालच्या गालिच्यापर्यंत आले असेल, लवकर ओसरले असेल आणि गाडी त्यानंतर सुरू केलेली नसेल, तर ती पुष्कळदा चांगली होते. पाणी आसनापर्यंत चढले असेल तर तारांच्या जोडण्या आणि एअरबॅगचे नियंत्रक ओले झालेले असतात. हा नियंत्रक अनेक गाड्यांत पुढच्या दोन आसनांच्या मधोमध, जमिनीलगत असतो. डॅशबोर्डापर्यंत पाणी आले असेल तर आशा फार धरू नये. पुराच्या पाण्यात चिखल आणि सांडपाणी असते. ते जोडण्यांत शिरून हळूहळू गंज धरते आणि गाडी घरी आल्यावर चार-सहा महिन्यांनी एकेक दिवे, काचा, ब्रेकचे संवेदक बिघडू लागतात. ‘साडेतीन लाखांत करून देतो’ या हिशेबात हे धरलेले नव्हते. विजेवरच्या गाडीची बॅटरी बुडाली असेल तर तिला हातही लावू नये, कंपनीच्या माणसांनाच बोलवावे.

एक गोष्ट मात्र सर्वांनी ध्यानात ठेवावी. बुडालेली गाडी ‘जरा चालते का बघू’ म्हणून चावी फिरवू नये. इंजिनात शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही आणि मधला दांडा वाकतो. जी गाडी वाचली असती ती त्या एका क्षणात जाते. शिवाय हे नुकसान पुराने नव्हे, तुमच्या कृतीने झाले, असे म्हणून विमा कंपनी ते नाकारू शकते. इंजिनाचे वेगळे संरक्षण घेतलेले असेल तरच थोडा आधार असतो. बॅटरी सुटी करावी, पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढावेत, कंपनीला कळवावे आणि गाडी उचलून न्यावी. अस्वस्थ मनाला काहीतरी करून पाहायचे असते. ते त्या दिवशी रोखणे हीच साधना.

मग प्रयोजन. ज्याचे पोट त्या वाहनावर आहे, अशा रिक्षावाल्याचे, टॅक्सीवाल्याचे किंवा भाजीच्या टेम्पोवाल्याचे गणित आपल्यासारखे नसते. त्याच्यासाठी गाडी महिनाभर बंद राहणे म्हणजे महिनाभर चूल बंद. नवी घ्यायला कर्ज मिळेलच असे नाही. तिथे दुरुस्ती हे कर्तव्य असू शकते. अपंग व्यक्तीसाठी हाताने चालवण्याची सोय बसवून घेतलेली गाडीही तशीच. ती सोय नव्या गाडीत पुन्हा करण्याचा खर्च आणि परवानगी दोन्ही विचारात घ्यावे लागतात. उलट, चार जणांच्या घरातली तिसरी गाडी असेल तर हा सगळा लेख वाचायची तरी काय गरज? ती द्यावी.

पुढच्या माणसाचा विचार

या विषयात साधकाचा खरा कस इथे लागतो.

मोडकी गाडी मालकाने ठेवली, थोडक्यात दुरुस्त केली, आतून सुगंधी फवारा मारला, नवी आसने घातली आणि दुसऱ्या शहरात विकली. घेणाऱ्याला पुराचे सांगितले नाही. असे घडते आणि दर मोठ्या पुरानंतर घडते. विकणारे सगळे दुष्ट असतात असे नाही. ‘त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही’ एवढ्यावर सज्जन माणसांचेही समाधान होते. यमांमध्ये सत्य आणि अस्तेय आहेत. न सांगता घेतलेले दोन लाख हे दुसऱ्याच्या खिशातून न विचारता काढलेलेच आहेत. पण सर्वांत आधी येते अहिंसा. ज्या गाडीचा एअरबॅग-नियंत्रक पाण्यात बुडून नुसता वाळवला आहे, तिच्यात उद्या कोणाचे तरी कुटुंब बसणार आहे. अपघाताच्या क्षणी ती पिशवी उघडली नाही तर? घेणारा पुण्याचा की हुबळीचा, हे आपल्याला कधी कळणारही नाही. म्हणून गाडी ठेवून विकायचीच असेल तर पुराची गोष्ट, दुरुस्तीची बिले आणि विम्याचा निकाल, सगळे घेणाऱ्यापुढे मांडावे. भाव पडेल. पडू द्यावा.

भंगारात देतानाही तेवढीच काळजी हवी. अपघातग्रस्त गाड्यांची आरसी आणि चॅसिस क्रमांक यांना काळ्या बाजारात किंमत असते. चोरलेल्या तशाच गाडीवर तो क्रमांक चढवला जातो. ‘गाडी आणि कागद दोन्ही द्या, वर दहा हजार देतो’ म्हणणारा नेमके काय विकत घेतो आहे, हे यावरून समजावे. मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. विमा नसलेली जुनी गाडी असेल तर ती सरकारमान्य भंगार केंद्रात द्यावी. तिथे जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते आणि नवे वाहन घेताना राज्याच्या नियमांप्रमाणे करात सवलतही मिळू शकते. गल्लीतला भंगारवाला कदाचित चार पैसे जास्त देईल, पण गाडीतले तेल आणि बॅटरीतले आम्ल तो कुठे ओततो ते आपण पाहायला जात नाही. बेंगळुरूची तळी त्याच रस्त्याने भरली आहेत.

रथावरून आधी कोणी उतरायचे

महाभारताच्या शल्यपर्वात युद्ध संपल्यानंतरचा एक प्रसंग आहे. पांडव शत्रूच्या छावणीपाशी येतात. एरवी सारथी आधी उतरतो आणि मग रथी. त्या दिवशी श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात, आधी तू उतर. गांडीव आणि दोन्ही भाते घेऊन उतर. अर्जुन उतरतो. मग श्रीकृष्ण उतरतात. ध्वजावरचा वानर अदृश्य होतो आणि पाहता पाहता तो रथ घोड्यांसकट जळून राख होतो. अर्जुन चकित होऊन विचारतो तेव्हा भगवंत सांगतात की द्रोण आणि कर्ण यांच्या अस्त्रांनी हा रथ आधीच जळलेला होता. मी बसलो होतो म्हणून तो उभा होता. तुझे काम झाले, मी सोडला.

ही कथा आपण बहुधा भगवंतांच्या महिम्यासाठी सांगतो. तिच्यातला गृहस्थोपयोगी तपशील मात्र ‘गांडीव घेऊन उतर’ हा आहे. रथ जाणार हे ठाऊक असताना भगवंतांनी अर्जुनाला हात झटकून उतरायला सांगितले नाही. जे अजून कामाचे आहे ते आधी उतरवून घ्यायला सांगितले. आणि रथाची दुरुस्ती होईल का, हेही कोणी विचारले नाही, कारण त्याचे प्रयोजन संपले होते.

गाडी सोडायचे ठरले असेल तर ती उचलून नेण्याच्या आदल्या दिवशी कुटुंबासह गॅरेजमध्ये जावे. मुलांना न्यावेच, वस्तू कशी सोडतात हे त्यांनी कुठे तरी पाहायला हवे. खण, डिकी, आसनांच्या फटी रिकाम्या कराव्यात. फास्टॅग काढून तो बँकेकडून बंद करून घ्यावा, नाहीतर टोलचे पैसे आपल्या नावावर पडत राहतात. विम्याची मूळ कागदपत्रे, दोन्ही चाव्या, कर्ज फिटल्याचे पत्र यांच्या प्रती काढून ठेवाव्यात आणि गाडी सुपूर्द केल्याची तारीख-वेळेसह पोच घ्यावी. सुपूर्द केल्यानंतर त्या गाडीने कुठे काही केले तर ती पोच हाच आपला आधार.

डॅशबोर्डावरचा गणपती बहुतेक घरांत विसरला जातो आणि मग रात्री कोणाला तरी आठवतो. त्याला आधीच काढून घ्यावे. चिखल धुवावा. पार्थिव गणपतीची उत्तरपूजा करून आपण तो जसा हलवतो, तसे गाडीच्या बॉनेटवर एक फूल ठेवून, हात जोडून, तिने इतकी वर्षे सुखरूप घरी आणले याबद्दल दोन शब्द बोलायला हरकत नाही. त्यानंतर चावी द्यावी आणि घरी येताना मेट्रो किंवा बस धरावी. पुढची गाडी लगेच घ्यायची की नाही, हे तीन-चार महिने तसेच राहून पाहिल्याशिवाय ठरवू नये. विम्याचे आलेले पैसे तोवर बँकेत राहू द्यावेत.